माहूरला निघालेली बाई

“तिला जाब विचारला, तर पाप लागेल का?”

प्रमिलाबाई चांदूरकर दारातच उभ्या होत्या. पाठीवर सॅक, हातात काठी, पाय अनवाणी. पहाटेच्या गारठ्यानं ओठ फुटलेले.

मोतीरामबुवांनी मान वर केली. “कोणाला?”

“रेणुकामातेला. माहूरला जाऊन.”

बुवांना खोकल्याची उबळ आली. 

“आधी आत तर ये,” बुवा म्हणाले.

नागपूरच्या जुन्या शुक्रवारीत, एका बोळाच्या टोकाला बुवांचा मठ होता. मठ म्हणजे दत्ताची एक तसबीर, समोर ओसरी आणि एवढंसं अंगण. दत्तजयंतीच्या आधी बुवा दरवर्षी मंडळी घेऊन पायी माहूरला जात. वर्धा, यवतमाळ, आर्णी करत. आता त्यांना बोळाच्या तोंडापर्यंत जायचं तरी दोनदा थांबावं लागे. या वर्षी मंडळी त्यांच्याशिवाय निघणार होती.

प्रमिलाबाई त्यांच्या जुन्या शिष्या. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आषाढात त्यांचे यजमान गेले. त्याआधी काही वर्षं ते अंथरुणाला खिळून होते.

“नवस काय होता?” बुवांनी विचारलं.

“हे उठून बसले, तर दोघं पायी येऊ.”

“उठले?”

“नाही.”

“मग नवस कुठं राहिला, बाई?”

“नाहीच राहिला. म्हणून तर विचारायचं आहे. मी कुठं कमी पडले, ते तिनं मला सांगावं.”

“काय काय केलं तू?”

प्रमिलाबाईंनी काठी भिंतीला टेकवली. वर्गासमोर उभ्या राहिल्यासारख्या ताठ झाल्या.

“नोकरी सोडली. अंग पुसलं, कूस बदलली, नळीनं भरवलं. एक दिवस बाई लावली नाही. सणावाराला कुणाच्या दारात गेले नाही. पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी त्यांच्या. डॉक्टरांना विचारा. कॉलनीत मला काय म्हणतात, माहितीये? सावित्री म्हणतात.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चढला. मग एकाएकी बसला.

“चालायची सवय केली?”

“रोज. फुटाळा तलावाला फेऱ्या मारत होते. पहिल्या पहिल्यांदा पाय सोलून निघाले.”

“अनवाणी काहून?”

“अनवाणीच जाणार आहे मी.”

बुवा बाईंच्या टाचांकडे बघत राहिले.

“बस,” ते म्हणाले.

“वेळ नाही, बुवा. मंडळी अजनी चौकात थांबलीयेत. तुमच्या पाया पडून निघते.”

“पड. पण आधी बस.”

बाई नाइलाजानं ओसरीवर टेकल्या. सॅक पाठीवर तशीच. बुवांनी माळ घेतली, डोळे मिटले.

आता काही सांगतील, मग सांगतील, म्हणून बाई वाट पाहत राहिल्या. बोळातून दूधवाल्याची सायकल गेली. कुणाच्या तरी घरी बंब पेटल्याचा धूर आला…

प्रमिलाबाईंनी डोळे उघडले, तेव्हा ऊन ओसरीवरून उतरून अंगणाच्या पलीकडच्या कडेला गेलं होतं. अंगावर गोधडी होती. सॅक बाजूला, भिंतीशी. बुवा जिथं होते तिथंच बसले होते.

बाई धडपडत उठल्या.

“मंडळी?”

“गेली. तुझा फोन वाजून राहिला होता. मीच उचलला.”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, निघाली ती.”

“खोटं बोललात तुम्ही?”

“काहून? निघाली नव्हती का?”

बाई संतापल्या. “मला उठवायचं होतं! आतापर्यंत बुटीबोरीच्या वाटेला लागली असतील सगळी. इतके महिने मी तयारी करतेय. एका हाकेचं काम होतं, बुवा. एका हाकेचं!”

“मारली होती. दोनदा.”

“मग?”

“तू ‘आले हो, आले’ म्हणाली. अन् कूस बदलली.”

बाईंचा हात हवेतच थांबला.

‘आले हो, आले.’ पलंगावरून हाक आली की त्या हेच म्हणत. रात्री कितीही वेळा. आणि म्हणता म्हणता पाय जमिनीवर टेकलेले असत.

त्या हळूहळू खाली बसल्या.

“मी झोपले…” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “ते गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या. गोळ्या घेऊनसुद्धा नाही.”

बाईंनी गोधडीची घडी घालायला घेतली.

“त्या पहाटे त्यांचा श्वास थांबला. मी नाकाशी बोटं धरली. मनगट धरलं. काही नव्हतं. आणि बुवा… मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू?”

बुवांनी माळ खाली ठेवली. 

“आता झोपायला मिळेल.”

अंगणात चिमण्या भांडत होत्या.

“त्यांचा हात माझ्या हातात होता. अजून ऊन होता. आणि मला हे सुचलं. मग माणसं आली. सगळी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. सावित्री म्हणायला लागली. अजून म्हणतात… ऐकवत नाही.”

बुवांनी विचारलं, “त्याला लागायची झोप?”

“कुठली? रात्र रात्र कण्हायचे. शेवटी शेवटी तर म्हणायचे, प्रमिला, जरा डोळा लागू दे गं कसातरी…”

बाई बोलता बोलता थांबल्या. बुवांकडे पाहिलं. “म्हणजे त्यांनाही झोप मिळाली…” त्या पुटपुटल्या.

मग बाई रडल्या. पदर तोंडाशी न नेता, मोठ्यानं, घरी कधी रडल्या नव्हत्या तशा. बुवा जागचे हलले नाहीत. रडणं ओसरलं तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“आता घरी जाऊ का?” पाणी पिऊन बाईंनी विचारलं.

“जा.”

“की माहूरला जाऊ?”

“जा.”

“एकटी?”

“मंडळी रात्री बुटीबोरीला टेकते. तू आज अलीकडं खापरीलाच टेक. गाठ पडली तर पडली.”

बाई थोडा वेळ बसून राहिल्या. सॅककडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग उठून सॅक पाठीला लावली. बुवा भिंतीला धरून उभे राहिले. कोपऱ्यातल्या आपल्या चपला त्यांनी पायानं पुढे लोटल्या.

“या घाल.”

“अनवाणी बोलले आहे मी.”

“कोणाला?”

“कुणाला नाही. मनाशीच.”

“दर्शनाला चालली, की शिक्षा भोगायला?”

 चपला मोठ्या होत्या. तरी त्यांनी त्या घातल्या.

बोळाच्या तोंडापर्यंत बुवा सोबत आले. दोनदा थांबले, दम खाल्ला. बाईही थांबल्या. घाई केली नाही. रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी होती, ऑटो होते, भाजीच्या गाड्या होत्या. तिन्हीसांजा व्हायला अजून अवकाश होता.

बाईंनी वाकून नमस्कार केला. चार पावलं गेल्या आणि पुन्हा वळल्या.

“बुवा, जाब तर आता विचारवणार नाही. मग तिच्यापुढं उभी राहून म्हणू तरी काय?”

बुवांना धाप लागली होती. 

“थकून माहेरी पोचलेली लेक,” ते म्हणाले, “उंबऱ्यात उभी राहून बोलत बसते का गं?”