सायकलची उतरण

खडकुंबे गावात एक भोळा राहत होता. बाकीचे सगळे शहाणे होते. भोळ्याचं नाव लहानू धिंदळे.

गावामागे डोंगर होता. डोंगरावर दगड आणि दगडाखाली दगड. लहानूचा थोरला भाऊ मच्छिंद्र याने तिथे सायकलची उतरण आखली होती. माथ्यावरून निघायचं आणि उड्या मारत, वळणं घेत पायथ्याला यायचं. शहरातली माणसं अशा उतरणीवर हौसेने हाडं मोडून घेतात आणि जाताना गावात जेवून जातात, असं त्याचं म्हणणं होतं. गाव त्याला हसलं. आखाडात मच्छिंद्रला कावीळ झाली. त्याला झोळीत घालून दगडांतून खाली हमरस्त्यापर्यंत उतरवायला चार माणसं मिळेनात. मिळेपर्यंत दुपार टळली आणि मच्छिंद्रही राहिला नाही. तेराव्याला मात्र अख्खं गाव जेवायला आलं, आणि पोरगा फार हुशार होता यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग सरपंच हौशीराम आप्पांनी उतरण मनावर घेतली. शर्यत ठरली. उद्घाटनाला सभापती येणार होते.

"राहिलेली उतरण तू पुरी कर," आप्पा लहानूला म्हणाले. "शर्यत नीट पार पडली तर उतरणीला मच्छिंद्रचं नाव देऊ. घोळ घातलास तर सभापतींच्या वडिलांचं देऊ."

"त्यांचे वडील सायकल चालवायचे?"

"ते सभापतींचे वडील होते. तेवढं पुष्कळ झालं."

लहानूने ठरवलं, आता आपलं डोकं चालवायचं नाही. सांगतील तसंच करायचं, म्हणजे घोळ व्हायचं काही कारणच नाही.

नाशिकहून उतरणी बांधणारे निकुंभ सर आले. त्यांनी डोंगर पाहिला, लहानूच्या हातात पहार दिली आणि म्हणाले, "जो दगड हलतो, तो काढून टाक. हलत नाही, तो राहू दे."

लहानूने पहिल्या दगडाखाली पहार घातली आणि जोर लावला. दगड हलला. काढून टाकला. दुसऱ्याखाली घातली. तोही हलला. चार दिवस तो पहार घालत होता आणि एकही दगड न हलता राहिला नाही. निकुंभ सर परत आले तेव्हा उतरणीच्या जागी विहीर खणायला घेतल्यासारखं दिसत होतं.

"अरे, हे काय केलंस?"

"सगळेच हलत होते, सर. एकाचाही भरवसा नव्हता."

सरांनी त्याच्या हातून पहार काढून घेतली. मग म्हणाले, "हलणारी वस्तू दिसली की तिला दगडाची चीप ठोकायची. घट्ट बसवायची. पुन्हा हलता कामा नये."

"असं आधी सांगायचं ना," लहानू म्हणाला.

त्याने दगड पुन्हा बसवले, चिपा ठोकल्या. आणि खरं सांगायचं तर उतरण झाली झकास. तिसऱ्या दिवशी निकुंभ सरांनी चाचणीसाठी आपली सायकल आणली. बैलजोडीला लागतील तेवढे पैसे त्या सायकलीला लागले होते. सर चहा प्यायला गेले. लहानूने सायकलीच्या दांडीवर हात टेकला, तर पुढचे शॉकअप खालीवर झाले. एवढी महागाची वस्तू, आणि हलतेय. त्याने दोन्ही शॉकअपमध्ये चिपा ठोकल्या आणि वरून सिमेंट लिंपलं.

सर पहिल्याच दगडावरून उतरले. सायकल तिथेच राहिली, सर पुढे गेले.

"लहानू," सर करवंदीच्या जाळीतून म्हणाले, "ते दबण्यासाठीच असतं. ते धक्का खातं म्हणून माणूस वाचतो. जे दबतंय ते दबू द्यायचं. हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं, सर."

दुसऱ्या दिवशी आप्पा पाहणीला आले. उतरणीच्या मध्यावर ओहोळ होता आणि त्यावर फळ्यांचा साकव. आप्पा साकवाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. आप्पांचं वजन गावाला माहीत होतं, फळीला नव्हतं. ती वाकायला लागली.

"लहान्या, फळी दबतेय का रे?"

"दबतेय, आप्पा."

"मग?"

"मग काही नाही. दबू द्यायची."

"अरे, हात दे मला."

"हात लावायचा नाही, आप्पा. माणूस वाचतो."

फळी मोडली. आप्पा ओहोळात बसले. धोतराचा सोगा पिळत ते म्हणाले, "बघत काय उभा राहतोस? माणूस मध्येच अडला की त्याला मागून एक रेटा द्यायचा. आपोआप पार होतो."

लहानूने साकवाला नव्या फळ्या घातल्या आणि रेट्याचं लक्षात ठेवलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. माथ्यावर मांडव, फीत, हार. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. चौदा स्वार उतरले, चौदाही धड खाली पोचले. लहानू मनातल्या मनात पाटी रंगवत होता. आता फक्त बक्षिसं आणि नाव जाहीर करायचं उरलं होतं. तेवढ्यात सभापतींना फोटोची हुक्की आली. डोक्यावर फेटा, गळ्यात हार, तसे ते सायकलवर बसले. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर.

"साहेब, थोडं पुढं घ्या," फोटोवाला म्हणाला.

सभापतींना पुढे घेता येईना. लहानूने पाहिलं. माणूस मध्येच अडला होता.

त्याने मागून रेटा दिला.

सभापती गेले. पहिल्या वळणाला हार गेला, दुसऱ्याला फेटा. साकवावरून ते तिन्ही फळ्या वाजवत पार झाले, मोठ्या दगडावरून हवेत गेले आणि पायथ्याच्या गवताच्या गंजीत शिरले. पंच सवयीने घड्याळ लावून बसला होता. त्या दिवसाचा सगळ्यात कमी वेळ सभापतींचा निघाला.

आप्पा धापा टाकत खाली पळाले, बरोबर लहानू. पळता पळता आप्पा म्हणाले, "आता तू आपलं नाव पुढं करू नकोस. अशा वेळी धाकट्याने मागं राहायचं, थोरल्याला पुढं करायचं. कळलं?"

आप्पांच्या मते थोरले म्हणजे आप्पा.

गंजीतून सभापती बाहेर निघाले. मिशीत गवत होतं. "कुणी ढकललं मला?"

लहानूने थोरल्याला पुढे केलं. "मच्छिंद्र धिंदळेनं."

गावाला पेच पडला. मच्छिंद्र मेलाय असं सांगावं, तर दुसरं नाव द्यावं लागणार. दुसरं नाव द्यावं, तर रेटा शिकवला कुणी तेही निघणार. आप्पा आभाळाकडे बघत राहिले.

"हा मच्छिंद्र पुन्हा या डोंगरावर दिसता कामा नये," सभापती म्हणाले.

"नाही दिसणार," लहानू म्हणाला.

"आणि असल्या उतरणीला माझ्या वडिलांचं नाव मुळीच द्यायचं नाही. उतरण आजपासून बंद. वर पाटी लावा. वाट बंद आहे आणि कुणामुळे बंद आहे, ते लिहा. त्या मच्छिंद्रचं नाव असं लिहा, की खालच्या हमरस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. कळू दे सगळ्या तालुक्याला."

हे काम आप्पांनी लहानूवर सोपवलं. डोक्याची कामं गावाने आपल्याकडे ठेवली होती.

लहानू हमरस्त्यावर जाऊन उभा राहिला. डोंगर तिथून दीड कोस. एवढ्या लांबून वाचायचं, तर अक्षर केवढं पाहिजे? त्याला फारसं लिहिता येत नव्हतं. निकुंभ सरांनी कागदावर नाव काढून दिलं. दोघांनी दोरी धरून ते डोंगरावर आखलं. मग लहानूने दगड वाहिले, रचले आणि चुन्याने पांढरे केले. 'म' बैलगाडीएवढा आला. तो रस्त्यावरून वाचता येईना, म्हणून मोडून खळ्याएवढा केला. एकोणीस दिवस लागले. जेवायला बोलावलं तरी तो खाली येत नव्हता.

विसाव्या दिवशी आप्पा हमरस्त्यावर एसटीतून उतरले. समोर डोंगर होता. डोंगरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत 'मच्छिंद्र धिंदळे' लिहिलेलं होतं. एसटीतली माणसं खिडकीतून वाचत होती. दोन पोरं सायकली खांद्यावर घेऊन विचारत होती, "काका, मच्छिंद्र धिंदळे उतरण ती हीच ना?"

आप्पा तसेच वर चढले. लहानू शेवटच्या अक्षराजवळ चुन्याची बादली धूत होता.

"लहान्या, 'वाट बंद' कुठंय?"

लहानूने डोंगरावर इकडून तिकडे नजर फिरवली.

"दगड संपले, आप्पा."