परत ठेवलेला भोपळा

“...मग प्रभूने एवढं सगळं दिल्यावरही मन का भरत नाही, पाळकबाबा?”

अमोस थोरातने हे विचारलं ते चर्चच्या पायरीवर बसून. पुण्यात त्याचे दोन कारखाने होते, तिसरा उभा राहत होता. गावच्या कापणीच्या सणाला मात्र तो कितीतरी वर्षांनी आला होता, आणि तोही या एका प्रश्नासाठी. रात्रीची झोप उडाली होती त्याची.

म्हाताऱ्या पाळकबाबांनी त्याला लहानपणी याच पायरीवर दहा आज्ञा पाठ करायला लावल्या होत्या. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

“वाळलास रे.”

अमोस चांगला गरगरीत होता.

उपासना आटोपली होती. लोकांनी वेदीपुढे वाहिलेली भाजी, धान्य, अंडी आवारातल्या टेबलावर मांडली होती आणि लिलाव रंगात आला होता. पैसा गावातल्या निराधारांना जायचा.

लाल भोपळा निघाला. शाळेतून निवृत्त झालेल्या रूथबाईंनी बोली लावली. अमोसने बसल्या जागेवरून ती चढवली. जित्याची खोड, दुसरं काय! भोपळा कवेत घेऊन तो पायरीशी आला.

“आता सांगा, बाबा.”

“जड दिसतोय. ठेव तो.”

“कुठे?”

“होता तिथे.”

आमच्याकडे ही रीतच आहे. लिलावात घेतलेली वस्तू कुणी परत टेबलावर ठेवली, की तिच्यावर पुन्हा बोली लागते. पैसे मोजायचे आणि हाती काही घ्यायचं नाही, हा व्यवहार अमोसला लहानपणीही पटला नव्हता. तरी बाबांचा शब्द म्हणून त्याने भोपळा ठेवला.

पुन्हा बोली लागली. पुन्हा तो इरेला पेटला आणि भोपळा पुन्हा त्याच्याच कवेत आला. लोक हसले.

“बाबा, अहो, माझ्याच भोपळ्यासाठी मीच...”

“ठेव.”

तिसऱ्यांदाही बोली रूथबाईंनीच लावली, मघापेक्षा हळू आवाजात. सगळं आवार अमोसकडे बघायला लागलं. त्याने तोंड उघडलंही.

मग त्याने बाईंकडे पाहिलं. पहिलीत याच बाईंनी त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. त्यांना भोपळा हवा होता. खरंच हवा होता. त्याला मात्र तो कधीच नको होता...

त्याने तोंड मिटलं.

“एक वार... दोन वार... तीन वार.”

भोपळा बाईंच्या घरी त्यानेच पोचवला.

“शर्टाला माती लागली बघ, अमू,” बाई रागावल्या. “उद्या घारगे करीन म्हणते. तू काय, जाशील पुण्याला.”

“राहतो की उद्या.”

तो परत आला तो हसतच. पायरीवर बसला. पाळकबाबा थोडे सरकले.

“भोपळा?”

“बाईंकडे.”

“पैसे?”

“दोनदा भरले.”

“आणि तुझ्या हाती काय आलं?”

अमोसने दोन्ही तळवे उघडून दाखवले. हसू काही आवरेना.

“काहीच नाही, बाबा.”

पाळकबाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले...

“मग हसतोयस कशाला?”