पत्रिकेत आईचं नाव

माझ्या लग्नाची पत्रिका छापायला अण्णाकाका मला प्रेसमध्ये घेऊन गेले. काका साखर कारखान्याचे संचालक. त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. जाड कागद, सोनेरी गणपती, मखमली पाकीट, सगळं त्यांनीच ठरवलं. मी फक्त खिशातून मजकुराचा कागद काढून दिला.

प्रेसवाल्या वच्छलाबाईंनी तो वाचला. "वर 'कै. दत्ताजीराव यांच्या आशीर्वादाने' आहे. हे नवरदेवाचे वडील ना? मग आईचं नाव कुठंय?"

"वहिनी विधवा आहेत," काका म्हणाले. "शुभकार्यात अशुभ नको."

वच्छलाबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "मग थोडं थांबता का, साहेब? त्याही गेल्या की त्यांचं नाव वर, नवऱ्याशेजारी, सोनेरी अक्षरांत घेऊ. मेलेली माणसं शुभ असतात, हे तुमच्या पत्रिकेवरूनच कळलं."

काकांचा चेहरा उतरला. ते पुटपुटले, "घाला वहिनींचं नाव."

बाईंनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हीच लिहा. मजकूर तुमच्याच अक्षरात आहे ना?"

होता. आणि आईनं तो सकाळी वाचून, काही न बोलता, एक चुकलेली वेलांटी दुरुस्त करून दिली होती.