पहिला अंगारा

करवंदीच्या टेकडीवर ढवळनाथ म्हणून एक जोगी होते, आपली धुनी राखून असायचे. आणि शहरात रणजितराव होते, कंप्युटरचा मोठा कारखाना असलेले. त्यांच्या सुनेची कूस फार उशिरा उजवली, नात झाली. घरची रीत अशी, की तान्ह्याला पहिला अंगारा ढवळनाथांच्या हातचा, आणि लावायचा घरातल्या थोरल्याने. कपाळाला बोट, जिभेवर कण.

म्हणून रणजितराव टेकडी चढून आले. मागे सून केतकी, तिच्या खांद्यावर पोर. पण अंगारा राहिला बाजूला, बसल्या बसल्या त्यांनी गाऱ्हाणंच मांडलं.

"महाराज, मी काय लपवलंय, म्हणून लोक शंका घेतात?"

ढवळनाथ धुनीत लाकूड सारत होते.

"कारखान्याला समोरून काचेची भिंत घातलीय. कुणीही यावं, बघावं. आत धूळ नाही, धूर नाही."

"बरं."

"लोकांची जुनी यंत्रंसुद्धा परत घेतो आम्ही. कोण घेतं एवढं?"

"घेऊन काय करतोस?"

"ठेकेदाराला देतो. तो नेतो."

"कुठं?"

"लांब कुठंतरी..."

"लांब," ढवळनाथ म्हणाले. "कुणापासून?"

रणजितराव हसले. जोग्याला धंद्यातलं काय कळणार, असं ते हसणं होतं.

"ते जाऊ द्या महाराज. पोर पेंगायला लागली. अंगारा द्या."

ढवळनाथ उठले. धुनीकडे मात्र गेले नाहीत. झोपडीच्या मागून पळसाच्या पानावर चिमूटभर राख घेऊन आले, पान पुढे धरलं.

रणजितरावांनी डोळे मिटले, हात जोडले, बोट राखेत बुडवलं. केतकीने पोरीचं टोपडं मागे सारलं. पोरीने आपलं आपणच तोंड उघडलं, पाखराच्या पिलासारखं.

बोट ओठाशी पोचलं, आणि ढवळनाथांनी त्यांचं मनगट धरलं. म्हातारा हात, पण हलू देईना.

"कुठला अंगारा, विचारलंस?"

"तुमच्या हातचा... त्यात विचारायचं काय?"

"तुझं गिऱ्हाईकही असंच म्हणतं."

रणजितरावांनी बोटाकडे पाहिलं. राख काळी होती, चिकट. उग्र वास नाकात शिरला.

"कुठला आहे हा?"

"मागच्या ओढ्यातला. तुझी यंत्रं जाळून बाया तांबं काढतात. मागे हे उरतं."

केतकीने पोरीला छातीशी ओढलं आणि चार पावलं मागे सरली. सासऱ्याकडे बघितलं ते असं, की रणजितरावांना तिच्या नजरेला नजर देववेना.

"माझी कशावरून?" त्यांनी विचारलं.

"जाऊन बघ की. लांब नाही."

ते उतरले. ओढ्याचं पाणी काळं, वर तेलाचा तवंग. काठावर वायरींचे ढीग धुमसत होते. बाभळीला झोळ्या टांगलेल्या, झोळ्यांत पोरं. एक रांगतं पोर राखेत बसून मूठ चोखत होतं. त्याच्या पुढ्यात अर्धवट वितळलेलं झाकण पडलं होतं, आणि झाकणावर निळा मोर. रणजितरावांच्याच कारखान्याचा मोर.

ते तिथेच राखेत बसले.

वर आले तेव्हा बोट अजून तसंच, अंगापासून दूर धरलेलं. पुसायचं कशाला, तेच सुचत नव्हतं.

"महाराज... ती पोरं..."

"रोज चाटतात," ढवळनाथ म्हणाले. "नवस न करता."

त्या दिवशी पोर अंगाऱ्याशिवाय घरी गेली.

पुढे ठेकेदाराला काढलं. ओढ्यातला माल कारखान्याच्या गाड्यांनी परत उचलला. त्या बायांना कारखान्यातच काम मिळालं, यंत्रं न जाळता खोलून सुटे भाग काढायचं; वस्ती मात्र ओढ्याकाठीच राहिली, पोरं म्हाताऱ्यांपाशी झोळ्यांत. आणि काचेच्या भिंतीवर रणजितरावांनी त्या ओढ्याचा मोठा फोटो लावला, खाली लिहिलं, 'हे आमचं आहे.' काही गिऱ्हाइकं तुटली. भाऊबंद म्हणाले, याला वेड लागलं.

पोर दुडूदुडू चालायला लागली तेव्हा ते पुन्हा टेकडी चढले. ढवळनाथांनी या खेपेला धुनीतून पांढरीशुभ्र चिमूट काढली.

"कुठला अंगारा?" रणजितरावांनी विचारलं.

ढवळनाथ पहिल्यांदा हसले. "धुनीतला. बाभळीचं लाकूड. बघ, हात घालून बघ."

रणजितरावांनी बघितलं. मग बोट पुढे केलं.

"थांब. आधी खालच्या झोळ्यांतल्या पोरांना लावून ये. उरला, तर हिला."

चिमूट ती केवढीशी. केतकीचं तोंड उतरलं. रणजितराव मात्र ती तळहातावर घेऊन खाली गेले, प्रत्येक झोळीशी वाकले. परत आले तेव्हा मूठ घट्ट मिटलेली होती, उघडायला धजत नव्हते.

नातीनेच त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

ढवळनाथ वाकून बघत म्हणाले, "उरलाच की."