फिकी झाली लालुली

एक होती लालुली. एवढीशी. मोहरीहून बारीक. खसखशीहूनही बारीक.

ती राहायची शेवू नावाच्या छोट्या मुलीच्या रक्तात. रक्त म्हणजे छोटी नदी. पिवळसर पाणी वाहायचं, झुळझुळ झुळझुळ. त्यात लालुली आणि तिच्या खूप खूप बहिणी. सगळ्या लाल, म्हणून नदी लाल.

लालुलीचं काम काय? छातीतून हवा घ्यायची. पायांना द्यायची, हातांना द्यायची. मग शेवू पळायची. धूम!

पण शेवू भाजी खायची नाही. पालक नको. माठ नको. चवळई तर नकोच.

एक दिवस काय झालं? लालुलीची लाली गेली. ती फिकी झाली. हवा धरायला गेली, हवा निसटली. सुर्रर्र!

बाहेर मुलं ओरडली, "शेवू, चल, बोरं वेचायला!"

शेवू थोडी चालली. धापा टाकू लागली. मट्कन खाली बसली. मुलं निघून गेली.

आई म्हणाली, "काय गं ही! सारखी आपली बसलेली. आळशी कुठली!"

शेवूला रडू आलं. आत लालुलीलाही रडू आलं.

"शेवू आळशी नाही हो आई! मीच फिकी झाले."

पण एवढ्याशा लालुलीचं कोण ऐकणार?

नदीत भेटला पांढरोबा. "अरेरे, लालुली! मी जंतूंशी भांडतो. लाली नाही माझ्याकडे."

नदीत भेटली चपटुली. "अरेरे, लालुली! मी जखमेचं भोक बुजवते. लाली नाही माझ्याकडे. लाली बनते हाडात. तू हाडोबाकडे जा."

लालुली निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"हाडोबा, हाडोबा, लाली दे!
लाली गेली, हवा धरवेना.
शेवूला पळवेना."

हाडोबा म्हणाला, "अरेरे, लालुली! आतडीबाईने लोह दिलं, तरच लाली देईन."

लालुली निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"आतडीबाई, आतडीबाई, लोह दे!
लाली गेली, हवा धरवेना.
शेवूला पळवेना.
हाडोबा लाली देईना."

आतडीबाई म्हणाली, "अरेरे, लालुली! पोटोबाने भाजी दिली, तरच लोह देईन."

लालुली निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"पोटोबा, पोटोबा, भाजी दे!
लाली गेली, हवा धरवेना.
शेवूला पळवेना.
हाडोबा लाली देईना.
आतडीबाई लोह देईना."

पोटोबा म्हणाला, "अरेरे, लालुली! जीभताईने घास गिळला, तरच भाजी देईन."

लालुली निघाली. हळू हळू. दमली होती ना! डुबुक... डुबुक...

"जीभताई, जीभताई, घास गिळ!
लाली गेली, हवा धरवेना.
शेवूला पळवेना.
हाडोबा लाली देईना.
आतडीबाई लोह देईना.
पोटोबा भाजी देईना."

जीभताई म्हणाली, "अरेरे, लालुली! शेवूने तोंड उघडलं, तरच घास गिळेन."

लालुली गेली शेवूच्या कानाशी. डुबुक... डुबुक...

"शेवू, शेवू, तोंड उघड!
लाली गेली, हवा धरवेना.
शेवूला पळवेना.
हाडोबा लाली देईना.
आतडीबाई लोह देईना.
पोटोबा भाजी देईना.
जीभताई घास गिळेना."

शेवू हुंदके देत म्हणाली, "आई मला आळशी म्हणाली. आईने जवळ घेतलं, तरच तोंड उघडेन."

आता आईला कसं सांगायचं? आई तर बाहेर!

लालुली गेली शेवूच्या डोळ्यात. खालच्या पापणीच्या आत जाऊन बसली. बहिणींनाही बोलावलं. सगळ्या फिक्या, सगळ्या गप्प.

आई आली शेवूचे डोळे पुसायला. पापणी जराशी खाली ओढली. आत गुलाबी असतं ना? गुलाबी नव्हतंच! पांढरंफटक!

"अगं बाई!" आई म्हणाली. शेवूला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

आईने सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी बोट टोचलं. टुच! रक्ताचा थेंब आला. चपटुली धावली, भोक बुजवलं. पांढरोबा दारात उभा राहिला. "जंतूंनो, चालते व्हा!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोर आळशी नाही हो. रक्तात लोह कमी झालंय. म्हणून दमते बिचारी. औषध देते. पालेभाजी द्या, वर लिंबू पिळा."

आई शेवूला घेऊन घरी आली. शेवूला मांडीवर घेतलं. घट्ट घट्ट.

"चुकलं गं माझं. तू दमत होतीस, आणि मी तुला बोलले."

आईने जवळ घेतलं,
शेवूने तोंड उघडलं. आऽऽ!
जीभताईने घास गिळला. गुटुक!
पोटोबाने भाजी दिली.
आतडीबाईने लोह दिलं.
हाडोबाने लाली दिली.

एका दिवसात नाही हं. रोज औषध, रोज भाजी, रोज थोडी थोडी लाली.

मग एकदा शेवू पळत पळत बोरीखाली गेली. पण बोरं संपली होती. खाली नुसती वाळकी पानं. शेवू हिरमुसली. मागून आलेल्या आईलाही वाईट वाटलं. "तू का दमतेस, ते मीच आधी बघायला हवं होतं," ती म्हणाली. तिने शेवूच्या केसांवरून हात फिरवला. दोघी थोडा वेळ तिथेच बसल्या.

आणि लालुली? लालचुटुक! छातीशी गेली. हवा घेतली, घट्ट धरली. मुळीच निसटली नाही.

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक,
लालुली चालली कामाला,
हवा पोचवते शेवूला!