अकरा माळांची दारू

श्रोतेहो, ज्या काळाची गणती कोणत्याही बखरीत उरलेली नाही, अशा फार जुन्या काळी एका डोंगरी राज्यात एक गड होता. गडाच्या माथ्यावर देवीचे देऊळ होते. नवरात्र सरले की देवीची पालखी निघे, आणि पालखीने उंबरा ओलांडताच बुरुजावरून ठासणीच्या बंदुकीचा एक बार सलामी म्हणून सुटे. हा मान पिढ्यान्‌पिढ्या बंदुकीची दारू करणाऱ्या एका घराण्याकडे होता.

त्या घराण्यातले वृद्ध पुरुष खेमाजी. गळ्यात तुळशीची माळ, मुखी नाम आणि मनात आपल्या वडिलांचा जाज्वल्य अभिमान. वडिलांनी केलेल्या दारूचा एक चामडी बुधला त्यांनी गडाच्या कोठारात जिवापाड जपला होता. सलामीचा बार ते याच दारूने काढीत. "अशी दारू आता होणे नाही," ते म्हणत. "काळ बदलला. मातीतला सोरा निःसत्त्व झाला आणि कोळशातला जीव गेला."

घरात दारू करीत होती ती त्यांची विधवा सून, चंद्रा. खेमाजींचे हात कापू लागल्यापासून उखळ-मुसळ तिच्याकडेच आले होते. तिची दारू गडाच्या कोठारात जाई. मामंजींच्या तोंडून मात्र तिला कधी बरा शब्द मिळाला नव्हता.

एका वर्षी बुधल्यात शेवटचे एक माप आणि चिमूटभर दारू उरली. खेमाजी राजाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, हा यंदाचा बार शेवटचा. पुढच्या वर्षापासून सलामी बंद करावी. नव्या दारूचा फुसका बार देवीपुढे निघण्यापेक्षा बुरुज मुका राहिलेला बरा."

चंद्रा मागे उभी होती. ती पदर सावरून पुढे आली. "महाराज, पारख झाल्यावाचून मान का सोडावा?"

राजाला ते पटले. त्याने किल्लेदाराला आज्ञा केली, "खेमाजींच्या वडिलांची, खुद्द खेमाजींची आणि या बाईंची, अशी तिन्ही पिढ्यांची दारू कोठारातून आणा. कोणती कोणाची हे सांगू नका. खेमाजीच ओळखतील."

दारूची जुनी पारख अशी, की पांढऱ्या कागदावर चिमूटभर दारू ठेवून बत्ती लावायची. दारू उत्तम असेल तर क्षणात भडकून जाते आणि कागद कोरा राहतो. कच्ची असेल तर मागे काळे डाग उरतात.

तीन कागद मांडले गेले. पहिली चिमूट भडकली, कागद कोरा. दुसरी धुसफुसत जळली आणि कागदावर तेलकट काळे ठिपके सोडून गेली. तिसरी भडकली; तोही कागद कोरा.

खेमाजींची मान ताठ झाली. मधल्या कागदाकडे बोट करून ते म्हणाले, "ही नवी. सुनेची. कोरे दोन्ही कागद आमचे, बापलेकांचे."

किल्लेदाराने कागद उलटून खालची खूण पाहिली, आणि त्याला हसू आवरेना. "खेमाजी, स्वतःचेच पोर ओळखले नाही की हो! डागाची दारू तुमची आहे."

राजाला वृद्धाची दया आली. तो सौम्यपणे म्हणाला, "कोठारात पडून सादळली असेल."

सुटकेची वाट समोर होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. पण खेमाजींचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथेच थांबला.

"नाही, महाराज. वडिलांची दारू त्याच कोठारात, माझ्या दारूहून जुनी. ती नाही सादळली. आमच्या घरी दारू कुटताना जप करण्याची रीत आहे. अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत मुसळ थांबवायचे नाही, हा वडिलांचा दंडक. त्यांच्यामागे मी पाच माळांवर आलो. म्हटले, देव काय मोजत बसला आहे? गडावर शत्रू आला नाही, म्हणून कोणाला कळले नाही. माझी दारू फुसकी निघू लागली, तेव्हा मी दोष काळाला दिला."

मग ते सुनेकडे वळले. "सूनबाई, तुझ्या किती माळा?"

"अकरा, मामंजी. सासूबाईंनी सांगितल्या होत्या."

"आणि माझ्या पाच, हे ठाऊक होते?"

"होते."

"मग बोलली का नाहीस?"

चंद्रा खाली पाहत म्हणाली, "तुम्हाला मी काय सांगणार? म्हटले, कधीतरी बंदूकच बोलेल."

खेमाजी सभेकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज, मान आमच्याच घरी राहू द्या. आमच्या घरात दारू करणारे हात आहेत!"

त्या वर्षी बुरुजावरून दोन बार सुटले. पहिला खेमाजींनी बुधल्यातल्या शेवटच्या मापाचा काढला. दुसऱ्यासाठी त्यांनी बंदूक चंद्राच्या हाती दिली. तिने आपली दारू नळीत ओतली, गजाने ठासली आणि बत्ती दिली. समोरच्या कड्यांनी दोन्ही बार सारख्याच गर्जनेने परत पाठवले.

पालखीच्या भोयाने विचारले, "बाबा, यातला तुमच्या वडिलांचा बार कोणता?"

खेमाजींनी चंद्राकडे पाहिले. "दोन्ही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उखळापाशी बसले. मुसळ सुनेच्या हाती होते आणि माळ त्यांच्या हाती. अकरावी माळ पुरी होईपर्यंत त्यांनी तिला थांबू दिले नाही.

तात्पर्य : काळ खोटा आला असे म्हणण्याआधी प्रत्येकाने आपली माळ मोजून पाहावी.