ठकूबाईनं विणलेले केस

ऐका. ही गोष्ट कातळखेडची. किती जुनी, ते कुणालाच धड सांगता येत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या पणजीच्या पणजीनं ती ऐकली, आणि ऐकता ऐकताच तिचं डोकं तापलं. ही गोष्ट ऐकून ज्याला राग येत नाही त्यानं कातळखेडात पाणी मागू नये, असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वी त्या गावात ठकूबाई नावाची न्हावीण राहत होती. तिचा नवरा निंबाजी धोकटी काखेत मारून घरोघर हजामती करी आणि ठकूबाई घरी बसून केसांचं काम करी. गावच्या बाया विंचरताना निघालेली गुंतवळ भिंतीच्या फटीत कोंबून ठेवत आणि साठली की ठकूबाईला आणून देत. ती तो गुंता रिठ्याच्या पाण्यात भिजत घाली, उन्हात वाळवी आणि खिळे ठोकलेल्या फळीवरून हलक्या हातानं ओढून मोकळा करी. मग एकेक केस चिमटीत धरून त्याचं मूळ कुठलं नि टोक कुठलं ते बोटांनाच विचारी. केस एका बाजूनं सुळकन सरकतो, दुसऱ्या बाजूनं अडतो. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे लागली तरच गंगावन नीट बसतं, नाहीतर पुन्हा त्याची गुंतवळ. हे काम डोळे मिटून करायची ठकूबाई. तिनं केलेलं गंगावन वेणीत गुंफलं की सख्ख्या बहिणीलाही ओळखू येत नसे, असं म्हणतात. लळितात बायकांची सोंगं घेणाऱ्या पुरुषांसाठी ती केसांचे अख्खे टोपही विणून देई.

एकदा लागोपाठ दोन वर्षं पाऊस दडी मारून बसला. नदी आटली, आड आटले. पाणी उरलं ते फक्त हिरोजी पाटलाच्या बारवेत. बारवेला दगडी कमान होती, कमानीला सागवानी दार होतं. पाटलानं त्याला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"माझा मळा जगला तर गाव जगेल," पाटील म्हणाला. मळा हिरवागार राहिला. गावातली तान्ही पोरं मात्र ओठ चाटत झोपू लागली.

पाटलाच्या धाकट्या सुनेचं नाव आनसा. परगावची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचे केस गुडघ्याला टेकायचे. ती न्हाऊन सोप्यात केस वाळवत बसली की रस्त्यानं जाणाऱ्या बाया क्षणभर थबकत, इतके ते केस होते. एक दिवस सासरा जेवून झोपलेला असताना आनसानं त्याच्या करगोट्याची किल्ली सोडवून घेतली, भर दुपारी बारवेचं दार उघडलं आणि हाका मारमारून गाव गोळा केलं. हंडे आले, घागरी आल्या. सगळ्या आळ्यांतली माणसं आली. एरवी ज्यांची सावलीही त्या पायऱ्यांवर पडू दिली जात नसे तीही आली. आनसा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून भांडी भरून वर देत होती. माणसं तिथंच ओंजळी करून प्यायली. "पोरी, तुझं कल्याण होवो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाटलानं सुनेला चावडीसमोर उभं केलं आणि दवंडी पिटून गावाला बोलावलं.

"हिनं माझ्या घराचं नाक कापलं," तो म्हणाला. "हिचे केस कापा."

निंबाजी न्हाव्याला हुकूम झाला. त्यानं वस्तरा चालवला, हात थांबवला नाही. आनसा रडली नाही. तिचा नवरा तिथंच उभा होता, मान खाली घालून. सारं गाव उभं होतं. आदल्या दिवशी तिच्या हातचं पाणी पिऊन गेलेलं एकेक माणूस तिथं होतं. आनसानं त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पाणी गोड होतं का वो?"

केस मातीत पडत राहिले.

निंबाजी घरी आला आणि वस्तरा धुवायला बसला. ठकूबाई दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

"पाटलाचा हुकूम होता," तो म्हणाला.

"हुकूम त्याचा. हात कुणाचा?"

त्यानं वर पाहिलं नाही. ठकूबाईनं त्याचं ताट पालथं घातलं आणि ती तडक चावडीकडे निघाली. आनसा तिथंच पारावर बसलेली होती. पाटलाचा वाडा तिला बंद झाला होता, माहेर चार दिवसांच्या वाटेवर, आणि तिला आत घेण्याचं धाडस एकाही घराला झालं नव्हतं. ठकूबाईनं तिच्या डोक्यावर आपला पदर टाकला, तिला दंडाला धरून उठवलं आणि भर रस्त्यानं आपल्या झोपडीत आणलं. आनसा भिंतीकडे तोंड करून बसली. अन्नाला शिवेना.

"मावशी," ती म्हणाली, "माझं डोकं झाकंल असं कायतरी करून दे. मग मी कुठंबी जाईन. अशी न्हाई जायची."

"कशापायी जायचं?" ठकूबाई म्हणाली. "चोरी तू केलीस का त्यांनी?"

त्याच सांजेला पाटलाच्या घरची बटकी आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. पाटलीणबाईंचा निरोप होता: देवीच्या जत्रेला गंगावन पाहिजे, घरचेच केस पाठवलेत, बाहेरचे घालू नकोस.

ठकूबाईनं गाठ सोडली. आत आनसाचे केस होते. मातीनं माखलेले आणि पायांखाली तुडवलेले. निम्मे तर कुणी तरी आगीत टाकले होते, उरलेल्यांना करपल्याचा वास येत होता.

असं म्हणतात की त्या वेळी ठकूबाईच्या चुलीतला विझलेला निखारा आपोआप फुलला. फुलला असेल. तिचा चेहरा पाहून दगडही पेटला असता. पण बटकीला ती शांतपणे म्हणाली, "सांग त्यांना, जत्रेत घेऊन येते म्हणावं."

मग ती कामाला बसली. आनसाच्या डोक्याचं माप तिनं दोऱ्यानं घेतलं, त्या मापाचं मडकं पालथं घातलं आणि त्यावर सुताची बारीक जाळी विणली. गाठोड्यातले केस धुतले, वाळवले, एकेकाची मुळं-टोकं लावली. आकडीनं दोन-दोन, तीन-तीन केस जाळीच्या डोळ्यांत ओवून गाठी मारत गेली. पण केस कुठे पुरायला? मानेपासून कानापर्यंत आले आणि संपले. मडक्याचा माथा उघडाच राहिला.

तेव्हा ती घरोघर निघाली. पहिल्या दारात म्हणाली, "आनसाच्या हातचं पाणी प्यालात न्हवं? आता एक बट कापून द्या."

आतून उत्तर आलं, "गुंतवळ घेऊन जा की, ठकूबाई."

"गुंतवळ न्हाई. गळालेलं नको मला. डोक्यावरचं द्या. तिचं डोक्यावरचंच गेलंय."

दार बंद झालं. दुसरंही झालं. तिसऱ्या घरातली बाई म्हणाली, पाटलाला कळलं तर? चौथीनं आत बसूनच आपण घरी नसल्याचं सांगितलं. अशी सारी आळी ठकूबाईनं पालथी घातली आणि तिच्या ओच्यात एक केस पडला नाही.

ती घरी आली, धोकटीतून निंबाजीचा वस्तरा काढला आणि गावाच्या मधोमध, जिथं सगळ्या आळ्या मिळतात तिथं जाऊन उभी राहिली. तिनं आपला अंबाडा सोडला. ठकूबाईचे केस काही लहान नव्हते. ते तिनं मुठीत धरले आणि सर्वांच्या देखत मुळापासून उतरवले. सवाष्ण बाई! दारं-खिडक्या उघडल्या. "अगं, काय करतीस? नवरा जिता हाय तुझा!" कुणी तरी किंचाळलं.

"तुमच्यासाठी जिता हाय," ठकूबाई म्हणाली. "माझ्यासाठी तो चावडीवर मेला. त्याच्याबरोबर सारा गाव मेला. मी एकटी किती जणांचं सुतक पाळू?"

तिचा आवाज डोंगराला लागून परत आला आणि दिवसभर शिवारात फिरत राहिला, असं म्हणतात. औताचे बैल त्या आवाजानं जागच्या जागी थांबले. कुणाच्या घरी चूल पेटेना. फुंकून फुंकून बायांचे डोळे लाल झाले तरी नुसता धूर.

आणि मग पहिली आली ती गावातली सगळ्यात म्हातारी बाई, कोंडाआजी. काठी टेकत आली, ठकूबाईसमोर बसली आणि म्हणाली, "पांढरे चालतील का गं?"

"चालतील," ठकूबाई म्हणाली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आजीमागून तिच्या सुना आल्या. त्यांच्यामागून शेजारणी. दुपार कलेपर्यंत सगळ्या आळ्यांतल्या बाया आल्या आणि वस्तऱ्यापुढे डोकी वाकवून बसल्या. जिनं घरी नाही म्हणून सांगितलं होतं तिनं सगळ्यात जाड बट दिली. काळे, पिंगट, कुरळे, सरळ, मेंदीनं तांबूस झालेले, असे सारे केस ठकूबाईनं मडक्यावर गाठी मारून बसवले. कुणाचा केस कुठल्या घरचा, कुठल्या आळीचा, ते एकदा गाठ बसल्यावर तिचं तिलाही सांगता आलं नसतं. टोप पुरा झाला तेव्हा तो गुडघ्याला टेकत होता.

जत्रेचा दिवस आला. देवीच्या देवळासमोर माणूस मावत नव्हता. पाटील मानाच्या जागी बसला होता आणि पाटलीण गंगावनाची वाट पाहत होती. गर्दी दुभंगली. ठकूबाई पुढे आली, बोडक्या डोक्यानं, पदर खांद्यावर. तिचा हात धरून आनसा आली आणि तिच्या पाठीवर ते केस होते. उन्हात त्यांत सगळे रंग दिसत होते.

"हे घ्या तुमच्या घरचे केस, पाटलीणबाई," ठकूबाई म्हणाली. "ज्याचे त्याच्या डोक्यावर घातलेत."

पाटील ताडकन उठला. "ओढून काढा ते!" तो ओरडला. कुणीही जागचं हललं नाही. तेव्हा तो स्वतःच पुढे आला, त्यानं आनसाच्या पाठीवरचे केस मुठीत धरले आणि हिसडा मारला.

इथं सगळे सांगणारे आवाज खाली आणतात. टोप निघाला नाही. तो आनसाच्या डोक्याला असा बसला होता, जणू रुजलाच होता. पण हिसडा बसला तशी साऱ्या जत्रेतून एकच "आई गं!" उठली. जिनं जिनं बट दिली होती तिचं तिचं डोकं मागे खेचलं गेलं. म्हातारीचं गेलं, लेकुरवाळीचं गेलं. पाटलानं पुन्हा हिसडा मारला, पुन्हा सगळ्या जणी कळवळल्या. फक्त एकट्या पाटलिणीला काही झालं नाही. इतक्या बायांत ती एकटीच सरळ उभी होती, आणि ते तिला कळलं.

मग बाया पुढे सरकल्या. कुणी काठी उचलली नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसत्या चालत आल्या आणि पाटलाभोवती उभ्या राहिल्या. पाटलाला मूठ सोडायची होती, पण मूठ सुटेना. केसांचे वेढे मनगटावर चढले, कोपरापर्यंत गेले.

"सोडव," तो म्हणाला. "ठकू, सोडव हे!"

"मी कुठं धरलंय?" ठकूबाई म्हणाली. "केस ओढले की लागतं, पाटील. एकट्याच बाईचे ओढले तर कुणाला कळत न्हाई. बारवेची किल्ली द्या."

पाटलाचा हात अडकलेलाच होता. तेव्हा पाटलीण पुढे झाली. तिनं नवऱ्याच्या करगोट्याची किल्ली सोडवली आणि आनसाच्या हातात दिली. लाजेनं दिली की भीतीनं दिली, यावर कातळखेडात अजून भांडणं होतात. किल्ली आनसाच्या हातात पडली आणि वेढे ढिले झाले.

बारव उघडली. पाऊस पडेपर्यंत सगळं गाव ते पाणी प्यालं आणि ते एक बोटभरही खाली गेलं नाही, असं म्हणतात.

आनसाचा नवरा तिला न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "आधी मान वर करायला शिका." तो शिकला, पण त्याला बरीच वर्षं लागली. तोवर ती ठकूबाईजवळच राहिली आणि ते काम शिकली. निंबाजीनं धोकटी कायमची टाकली आणि मरेपर्यंत बारवेवर पाणी शेंदून दिलं. ठकूबाईनं त्याला जेवू घातलं, दुखण्यात त्याचं केलं, पण माफ केलं नाही. तिनं स्वतःचे केसही पुन्हा वाढवले नाहीत. लोक हात जोडून म्हणत, ठकूबाई, आता झालं गेलं विसर. ती म्हणे, "मी विसरले की तुम्ही लगेच विसराल." आणि डोक्यावरून हात फिरवून पुन्हा कामाला लागे.

आज कातळखेडात नळ आले आहेत. तरी गावातल्या मुलीचं लग्न ठरलं की हळदीच्या आधी एक परडी घरोघर फिरते. प्रत्येक घरातली बाई त्यात आपल्या डोक्यावरची एक बट कापून टाकते. त्याचं गंगावन होतं आणि ते मुलीच्या पेटीत सगळ्यात वर ठेवतात. त्याला ठकूबाई म्हणतात. मुलीचे केस मानेपर्यंत कापलेले असोत, ती शहरात नोकरी करणारी असो, ठकूबाई तिच्याबरोबर जातेच. वेणीत घालायचीच असा काही नेम नाही. सासरी काही विपरीत घडलं तर मुलीनं ती माहेरी धाडायची. चिठ्ठी नको, निरोप नको.

ती क्वचितच येते. पण मागे एकदा आली होती, एसटीच्या कंडक्टरबरोबर, पिशवीतून. ज्या बाईनं पिशवी उघडली तिनं थेट जाऊन देवळाची घंटा वाजवली. चुलीवरची दुधं तशीच उतू जाऊ देऊन बाया बाहेर पडल्या. दोन ट्रॅक्टर भरले. त्या मुलीच्या सासरच्या गावात शिरल्या तेव्हा त्यांतली एकही बाई बोलत नव्हती, आणि प्रत्येकीनं केस मोकळे सोडले होते.